यापूर्वी अर्ज केला होता काय?

शहापूरच्या त्या घरात मला खोली मिळाली ती दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला माझा अर्ज नामंजूर झाला होता, आणि ती गोष्ट मी लपवली होती.

भंडाऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राला प्रवेश मिळाला होता. आंबागडहून रोज येणं-जाणं जमणारं नव्हतं. कोणीतरी सांगितलं म्हणून मी भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेवर उतरले आणि आतल्या गल्लीतल्या एका कौलारू घरापाशी गेले. ओसरीत टेबल होतं. टेबलावर जाड बांधणीची नोंदवही, स्टॅम्पपॅड, दोन पेनं. मागे ताठ बसलेले एक गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. मला वाटलं, चुकून ग्रामपंचायतीतच शिरले.

"कोणाकडून? विषय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

खोली हवी आहे, असं मी सांगितलं. त्यांनी माझं नाव, गाव, तारीख लिहून घेतली. स्वयंपाक कुठे करणार, असं विचारलं. खोलीतच, स्टोव्हवर, असं मी म्हणाले. त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "क्षमस्व. नामंजूर." मग स्वतः उठून मला पाण्याचा पेला आणून दिला आणि परतीची तुमसरची बस किती वाजता आहे ते सांगितलं.

आठ दिवसांनी मी आईला घेऊन गेले. पहिल्या फेरीबद्दल तिला काही बोलले नव्हते. तिनं आपणहून सांगितलं, पोरगी मेसमध्ये जेवणार आहे, शांत आहे, पुस्तकातून डोकं वर काढत नाही. गृहस्थांनी सगळं लिहून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"यापूर्वी अर्ज केला होता काय?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी एक पान मागे उलटलं, वही आमच्याकडे फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. वळणदार अक्षरात माझं नाव होतं. विषय: खोली. शेरा: स्टोव्ह. नामंजूर. आईनं माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं.

"केला होता," मी म्हणाले. "मला वाटलं, तुमच्या लक्षात नसेल."

"माझ्या लक्षात नाहीच," ते म्हणाले. "वहीच्या लक्षात आहे."

आतून एका बाईचा आवाज आला, "देऊन टाका न बाप्पा खोली. पोट्टी उन्हात उभी आहे."

त्यांनी सावकाश लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं: "सुधारित अर्ज. पूर्वीचा नकार अर्जदारास मान्य. मंजूर."

त्या घरात मी पुढे पाच वर्षं राहिले. त्यांना काकाजी आणि आतल्या बाईंना काकू म्हणायला लागले.

काकाजींनी सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली होती. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक द्यायचा आणि गेलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक द्यायचा. लोक तिथून पुढच्या टेबलावर जायला धडपडत, काकाजींनी दोनदा बढती नको म्हणून लिहून दिलं होतं. काकू सांगायच्या, "रिटायर झाले त्या दिवशी गळ्यात हार घालून आले. मले वाटलं, आता घरात माणूस बसन. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याले गेले अन् कोरी वही घेऊन आले."

तेव्हापासून त्या घरात येणारी प्रत्येक गोष्ट वहीत उतरत गेली. लग्नपत्रिका, गॅसची टाकी, बियाण्याची पिशवी, मोहाची फुलं घेऊन आलेली बाई, माझ्या मैत्रिणी. टेबल सकाळी दहाला उघडायचं आणि संध्याकाळी पावणेसहाला बंद व्हायचं. एकदा काकूंचे भाऊ अड्याळहून सहा वाजता पोचले. त्यांना चहा मिळाला, जेवण मिळालं, अंथरूण मिळालं, पण वहीत ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आले. तोवर ते परतीच्या बसमध्ये बसले होते, त्यामुळे त्यांची जावक आवकीच्या आधी झाली. काकाजींना ही गोष्ट बरेच दिवस सलत होती.

शेजारची एक कोंबडी रोज ओसरीवर यायची. पहिले तीन दिवस तिची रीतसर नोंद आहे. चौथ्या दिवशी शेरा आहे: वारंवार. नोंद बंद.

नोंदीतून सूट फक्त एकाच गोष्टीला होती, आणि तिचा इतिहास काकूंनीच मला सांगितला. वही सुरू झाली त्या आठवड्यात त्या माहेराहून परत आल्या. हातात वांग्याची पिशवी. पायरीवर पाय ठेवला तर काकाजींचा हात पेनाकडे गेला. "मी काही बोलली नाही," काकू म्हणाल्या. "नुसती पाह्यलं. मंग त्यायनं पेन ठेवला अन् म्हणते, घरच्या माणसाची नोंद करायचं कारण नाही. वांग्याची मात्र केली."

त्यांची बोलायची तऱ्हाही दोन प्रकारची होती. वही उघडी असली की ते कचेरीतलं मराठी बोलत आणि मला 'आपण' म्हणत. वही मिटली की त्यांच्या तोंडी आमच्याकडची बोली यायची आणि मी 'तू' व्हायचे. उघड्या वहीसमोर 'आपण दूध तापविले काय?' असं विचारणारा माणूस, मिटल्यावर 'दूध उतू जाऊन राहिलं न वं!' म्हणून ओरडायचा. मला दोन्हींची सवय झाली.

कागदाबद्दल त्यांची काही ठाम मतं होती. कागद मरत नाही, जागा बदलते. माणूस विसरते म्हणून तं ऑफिस आहे. आणि सगळ्यांत लाडकं मत असं, की नकार हाही एक कागदच आहे, त्याला होकाराएवढंच जपलं पाहिजे. ज्या मुलांना नोकरीच्या अर्जावर नकाराची पत्रं यायची त्यांना ते म्हणत, "फाडू नको. पुढच्या अर्जाले लागन." मुलं हसत. मीही हसायचे.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा कॅनडात माझ्या मामेबहिणीचं पहिलं बाळंतपण आलं. आई जाणार, आईला इंग्रजी येत नाही म्हणून सोबत मी जाणार, असं ठरलं. मामानं नागपूरचा एक एजंट गाठला. त्यानं आमचे फॉर्म भरले, स्वतःच्याच ईमेलवरून पाठवायचे म्हणाला, आणि सह्यांसाठी कागद माझ्याकडे दिले. कागद घरात आले म्हणजे टेबलावरून गेले. काकाजी पानं उलटता उलटता थांबले.

"हे राइस मिलमधील नोकरीचे कोणी लिहिले?"

मामाची तुमसरला भाताची गिरणी आहे. फॉर्ममध्ये मी तिथे व्यवस्थापक असल्याचं आणि रजा घेऊन निघाल्याचं लिहिलं होतं. सोबत मामाच्या सहीचं पत्रही होतं.

"एजंटनं," मी म्हणाले. "परत यायला काहीतरी कारण दिसलं पाहिजे, म्हणतो."

"हं," एवढंच म्हणून त्यांनी वहीत काही लिहिलं. मी वाचलं नाही. मला विमानाची घाई झाली होती.

महिनाभरानं दोघींनाही नकार आला. ठरलेल्या मुदतीत तुम्ही परत जाल याची खात्री वाटत नाही, अशा अर्थाचं. एजंटनं छापील प्रत दिली. काकाजींनी तिचा क्रमांक, तारीख, मजकुराचा सारांश उतरवून घेतला. मग मी ती फाडली आणि अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीत टाकली. काकाजी पाहत होते. वही उघडी होती, म्हणून काही बोलले नाहीत.

मामेबहिणीला मुलगी झाली. आईनं इकडून डिंकाचे लाडू पाठवले. आम्ही ते सगळं विसरलो.

आमच्याकडच्या तलावांत देवधान येतं. कोणी पेरत नाही, कोणी नांगरत नाही, पाण्यात आपलं आपण उगवतं. दाणा पिकला की हात लावताच गळतो, म्हणून बाया डोंग्यात बसून कणसं आधीच बांधून ठेवतात. ऋषिपंचमीला नांगराचं खायचं नसतं, त्या दिवशी काकू त्याचाच भात करत. टोकाला लांब कूस, म्हणजे ताठ केस, असलेला तो तांबूस दाणा मी पहिल्यांदा त्यांच्या ताटात नीट पाहिला आणि पुढची सगळी वर्षं त्याच्या मागे घालवली. एम. एस्सी. संपत असताना ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठानं मला संशोधनासाठी जागा देऊ केली. तिकडच्या उत्तर भागात, दलदलीत, याच जातकुळीचं रानधान उगवतं. आमच्या देवधानाची त्याच्याशी तुलना करायची होती. शिष्यवृत्ती होती, मार्गदर्शक होते. राहिला होता फक्त विद्यार्थी व्हिसा.

पहिला एजंट दुकान बंद करून कुठे गेला होता कोण जाणे. या वेळी मी दुसऱ्याकडे गेले. काच लावलेलं ऑफिस, टाय लावलेला मुलगा. फॉर्ममध्ये प्रश्न होता: तुम्हाला कोणत्याही देशाचा व्हिसा कधी नाकारला गेला आहे काय?

मी त्याला कॅनडाचं सांगितलं. तो हसला. "मॅडम, तो देश वेगळा, हा देश वेगळा. तो फिरायचा व्हिसा होता, हा शिक्षणाचा. कोण कशाला जोडून पाहतंय? 'नाही'वर टिक करून टाकू. हो म्हटलं की विषय वाढतो."

त्यानं टिक केली. पाठवण्याआधी वाचून या म्हणून छापील प्रत माझ्या हाती दिली. ती घेऊन मी शहापूरला आले, आणि ती टेबलावरून गेली.

काकाजींचं इंग्रजी सावकाश होतं, पण पक्कं होतं. त्या प्रश्नापाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"यापूर्वी अर्ज केला होता काय?"

मी पाच वर्षांपूर्वी उभी होते त्याच जागी उभी होते. या वेळी आई सोबत नव्हती.

"काकाजी, हो म्हटलं तर व्हिसा मिळणार नाही."

"नाही म्हटल्यावर मिळाला तर?"

"तर जाईन."

"अन् तिकडं कोणी वही उघडली तं?" ते म्हणाले. वही उघडी असताना बोलीत बोललेले मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "नामंजूर माणसाले दुसऱ्यांदा अर्ज करता येते. तू केला होता न? खोली भेटली न? पण खोटा निघाला, तं मंग तुहं खरंही कोणी घेत नाही."

मी खोलीत जाऊन फॉर्मसोबतच्या सूचना पहिल्यांदा पूर्ण वाचल्या. तिथेही तेच लिहिलं होतं, फक्त जास्त शब्दांत. पूर्वीचा नकार म्हणजे आताचा नकार असं नाही, तो का आला आणि आता काय बदललं ते सांगता येतं. पण माहिती दडवली असं आढळलं तर अर्ज तर जातोच, वर काही वर्षं नवा अर्जही घेत नाहीत. देश एकमेकांना माहिती देऊ शकतात, हेही होतं.

आणि वाचता वाचता दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली. नकार सांगायचा म्हणजे तो जुना अर्ज सांगायचा. त्या अर्जात मी गिरणीची व्यवस्थापक होते. या अर्जात मी त्याच वर्षी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. दोन्ही कागद कोणी शेजारी ठेवले तर एक खोटा होता, आणि दोन्हींवर सही माझी होती.

बाहेर येऊन मी हे काकाजींना सांगितलं. त्यांनी कपाटातून मागची वही काढली, पान शोधलं आणि माझ्याकडे फिरवलं. मी चुलीत जाळलेल्या पत्राचा क्रमांक तिथे होता, तारीख होती. काही पानं आधी, कागद बाहेर गेले त्या दिवशीची जावक नोंद होती. शेरा: अर्जदार राइस मिलमध्ये नोकरीस असल्याचे नमूद. अर्जदार रोज सकाळी कॉलेजात जाते. एजंटने लिहिले असे अर्जदार सांगते. पुढे अडचण येईल.

"तेव्हाच का नाही सांगितलं तुम्ही मला?"

"आवक-जावकचा बाबू मजकुरावर बोलत नसतो. शेरा लिहितो." त्यांनी त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं. मग वही मिटून म्हणाले, "बोलाले पाहिजे होतं. पोरगी समोर उभी होती. चुकलं माहं."

दुसऱ्या दिवशी मी त्या टाय लावलेल्या मुलाकडून कागद परत घेतले. मामाला फोन केला. त्याच्या सहीचं पत्र खोटं होतं असं मला लिहावं लागणार होतं, त्याला वाईट वाटेल म्हणून मी आडून आडून बोलत होते. तो म्हणाला, "लिहून टाक न. तू गिरणीत एकच दिवस आली होती, अन् तोही तांदूळ सांडवाले."

खुलाशाचं पत्र तयार व्हायला तीन दिवस लागले. काकाजी मराठीत सांगायचे, मी इंग्रजी करायचे, ते परत वाचून खोडायचे. मी एके ठिकाणी 'दुर्दैवाने' लिहिलं होतं.

"दुर्दैवाने काढा."

"राहू द्या ना काकाजी. बरं दिसतं."

"दैवाचा काय संबंध? सही आपली आहे."

'माझ्या नकळत' काढलं. 'कोवळं वय' काढलं. 'एजंटने माझी फसवणूक केली' याच्या जागी 'एजंटने लिहिले, मी न तपासता सही केली' असं झालं. शेवटी पत्र एवढंसं उरलं. पहिल्या ओळीत नकार, दुसऱ्या ओळीत त्यातली खोटी गोष्ट, मग ती कशी घडली, मग कॉलेजचे दाखले, आणि मग देवधान. देवधानाच्या परिच्छेदाला मात्र त्यांनी मला अडवलं.

"इथलं धान पाहाले तिकडं कायले जाऊन राहिली, हे नाही समजलं मले."

"त्यांच्याकडचं पाहायला जातेय. दोन्ही पाहिली की आपलं कळेल."

"अन् कळल्यावर?"

"कळल्यावर परत येईन. ते आपल्या तलावात आहे, तिकडे थोडंच आहे."

"मंग हेच लिही न वं. एवढं दीड पान कायले भरलं?"

सोबत पुरावा म्हणून त्या जावक नोंदीच्या पानाची प्रत जोडायची, हा त्यांचाच हट्ट. प्रत काढायला गेलो तेव्हा लक्षात आलं, की त्याच पानावर कोंबडी होती. तीन नोंदी आणि शेरा. शिवाय काकूंच्या बहिणीनं आणलेली लाखोळीची डाळ. मी म्हटलं, बाकीच्या ओळींवर कोरा कागद ठेवून प्रत काढू.

"झाकलेला कागद झाकलेलाच दिसतो," काकाजी म्हणाले. "पूर्ण पान जाईल."

काकू हसून हसून भिंतीला टेकल्या. "तिथला सायेब म्हणन, व्हिसा कोंबडीले पायजे का पोट्टीले?"

मी पानाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर केलं. वारंवार, नोंद बंद, हेसुद्धा. काकाजींनी प्रतीवर 'खरी प्रत' असा शिक्का मारला, खाली सही केली आणि आपला फोन नंबर लिहिला. त्यानंतर मी अर्ज पाठवला.

पाच आठवडे काही झालं नाही. मी काहीच वाचू शकत नव्हते. काकू ताट वाढून बाजूला बसायच्या आणि मी जेवले की नाही ते पाहायच्या. माझी जागा डिसेंबरपर्यंतच राखून ठेवलेली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मग एका दुपारी काकाजींचा फोन वाजला. ते वहीसमोर होते. त्यांनी स्पीकर लावला, कारण त्यांना कमी ऐकू यायचं. दिल्लीहून एक बाई बोलत होत्या, अर्जाच्या पडताळणीसाठी.

"आप इनके मकान मालिक हैं?"

"जी. आपका जावक नंबर?"

"जी?"

"आपने फोन किया, तो उसका कुछ नंबर होगा. मेरेको रजिस्टर में लिखना पड़ता है."

बाईंनी पलीकडे कागद चाळले. मग त्यांनी खरंच एक क्रमांक सांगितला. काकाजींनी तो लिहून, परत म्हणून, खात्री करून घेतला.

"जो पेज भेजा है, वो आपने लिखा?"

"मैंने ही लिखा. उसी दिन लिखा."

"उस साल ये मिल में काम करती थीं या कॉलेज में पढ़ती थीं?"

"कॉलेज. रोज सुबह. इसके चप्पल की आवाज से हमारी नींद खुलती थी, मॅडम."

"मतलब पहली अर्जी में जो लिखा था, वो झूठ था?"

मी दारात उभी होते. काकूंनी माझं मनगट धरलं. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे.

"झूठ था," ते म्हणाले. "एजंट ने लिखा, लड़की ने दस्तखत किया, मैंने देखा और चुप बैठा. तीनों का है."

पलीकडे टायपिंगचा आवाज येत होता. तो बराच वेळ चालला. मग थांबला.

"और ये मुर्गी?"

"वो पड़ोस की है. उसका बंद कर दिया."

बाई हसल्या. आधी हळूच, मग मोकळ्या. धन्यवाद म्हणून त्यांनी फोन ठेवला. काकाजी मात्र गंभीर होते. काकूंकडे वळून म्हणाले, "बाई शिस्तीची आहे. नंबर दिला तिनं."

अकराव्या दिवशी माझ्या मोबाइलवर ईमेल आला. मंजूर. मी ओरडत ओसरीवर आले, तर काकाजींनी हात वर केला. मोबाइलमधला कागद त्यांच्या लेखी आलेला नव्हता. मी तशीच भंडाऱ्याला गेले, छापील प्रत काढली, परतीची बस पकडली, आणि पावणेसहाला पाच मिनिटं असताना टेबलासमोर उभी राहिले. धाप लागली होती. त्यांनी पूर्ण वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत, क्रमांक दिला, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: मंजूर. नकार सांगूनही.

ऋषिपंचमी होऊन गेली होती, तरी काकूंनी डब्यात उरलेलं सगळं देवधान काढलं आणि खीर केली. काकाजींनी तीन वाट्या खाल्ल्या. मग वही मिटलेली आहे याची खात्री करून म्हणाले, "मले वाटत नव्हतं वं, देतीन म्हणून."

निघायच्या दिवशी त्यांनी माझी जावक केली. नाव, ठिकाण, प्रयोजन. परत अपेक्षित: होय.

कचेरीत उत्तर आलं नाही की स्मरणपत्र पाठवतात. त्या साडेतीन वर्षांत मला शहापूरहून सात स्मरणपत्रं आली. विद्यापीठाच्या पत्रपेटीत निळसर पाकीट दिसलं की माझ्या खोलीतली मलेशियन मुलगी मला हाक मारायची. 'स्मरणपत्र क्रमांक तीन. विषय: देवधान. यंदा तलाव उशिरा भरला. तिकडील धानाबाबत आपणाकडून माहिती अद्याप अप्राप्त. कळावे.' आणि खाली कोपऱ्यात काकूंच्या अक्षरात: जेवत जा. मीही त्याच पद्धतीनं उत्तरं लिहायचे, संदर्भ क्रमांक घालून. दलदलीत गुडघाभर पाण्यात उभं राहून पहिलं कणीस हातात धरलं, त्या दिवशी मी घरच्यांच्या आधी त्यांना लिहिलं: कूस आपल्यासारखेच लांब. दाणाही तसाच गळतो. सविस्तर मागाहून.

काकाजी या चैत्रात गेले. सकाळी टेबल उघडून बसले होते, काकू चहा घेऊन आल्या तेव्हा मान वहीवर टेकली होती. पान कोरं होतं, फक्त तारीख घातलेली. काकूंनी मला सगळ्या वह्या दिल्या. "तूच वाचशीन," म्हणाल्या. अकरा आहेत. मी रोज चार-पाच पानं वाचते. सलग वाचवत नाही, मध्येच हसू येतं आणि कोणाला सांगावं ते कळत नाही.

मी परत आले तो दिवस त्यांतल्या नवव्या वहीत असायला हवा.

नागपूरहून गाडी करून आले होते. दुपारचे चार वाजले असतील. ओसरीत टेबल तिथेच, शर्ट पांढरा, पाठ मात्र थोडी वाकलेली. शेजारचे एक गृहस्थ मुलीची लग्नपत्रिका घेऊन उभे होते, त्यांची नोंद चालली होती. मी त्यांच्या मागे रांगेत उभी राहिले. ते गेल्यावर बॅग खाली ठेवली आणि विमानात घोकून ठेवलेलं म्हटलं, "ऑस्ट्रेलियाहून. विषय: परत."

काकाजींनी वर पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. पेन हातातच होतं. मग त्यांनी टोपण लावलं आणि वही मिटली. घड्याळात पावणेसहा व्हायला बराच अवकाश होता.

"काकाजी, नोंद?"

"कोणाची?" ते म्हणाले, आणि आत तोंड करून हाक दिली, "अवं, भात टाक. पोट्टी आली."

परवा मी ती वही उघडली. आधीच्या एका वहीत माझ्या जावक नोंदीसमोर परतीचा रकाना कोरा आहे. आणि इथे, मी परत आले त्या दिवसाच्या पानावर शेजारच्या लग्नपत्रिकेची ओळ आहे, आणि तिच्या खाली सरळ दुसऱ्या दिवसाची तारीख.